काँक्रीट कविता : अक्षरांचं बांधकाम

काँक्रीट म्हटलं की सिव्हिलवाल्यांचे कान टवकारतील! पण थांबा, इथे सिमेंट-खडीचा काही संबंध नाही. 1950 च्या दशकात ब्राझील आणि स्वित्झर्लंडमध्ये 'काँक्रीट पोएट्री' ही चळवळ सुरू झाली. ही कविता वाचायची कमी आणि बघायची जास्त. अक्षरं कागदावर कुठे नि कशी बसवली आहेत, त्यातच तिचा अर्थ. (आपल्याकडे संस्कृतात कमळाच्या, तलवारीच्या आकारातले चित्रबंध होतेच म्हणा.) चळवळीची गाजलेली नावं बहुतेक पुरुषांची. बायकांनी हेच तंत्र उचलून काय केलं, ते मात्र बघण्यासारखं आहे.

पूर्व जर्मनीतल्या रूथ वोल्फ-रेहफेल्ट ऑफिसात टायपिस्टचं काम करत. टायपिस्ट म्हणजे दुसऱ्याचा मजकूर बिनचूक उतरवणारी बाई. तिचं स्वतःचं म्हणणं कोण विचारतो? 1970 च्या दशकात त्यांनी टाइपरायटरवरच आपली चित्रं 'लिहायला' घेतली. सीच्या लॅबमध्ये फॉर-लूप लावून आपण ताऱ्यांचा त्रिकोण छापतो ना, तत्त्व तेच. टाइपरायटरवर 'आय' आणि 'डब्ल्यू' दोघांनाही सारखीच जागा मिळते, त्यामुळे कोरा कागदही आलेख-कागद होऊन बसतो. त्या अदृश्य चौकटींतून बाईंनी लाटा उठवल्या, घन उभे केले आणि कार्बन कॉप्या काढून पोस्टाने देशोदेशी पाठवल्या. घोषणा नाही की आरडाओरडा नाही. पण हुकमाचं यंत्र तिच्या मर्जीने चाललं, हे मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

इटलीच्या मिरेला बेन्तिवोल्यो जास्त टोकदार. 1975 च्या एका चित्रात त्यांनी कोका-कोलाच्या नावातला वळणदार 'सी' आरशात बघावा तसा उलटा जोडून बदामाचा आकार केला. मधे उरलं 'ओका'. इटालियनमध्ये ओका म्हणजे बदकाच्या जातीचा एक पक्षी, आणि बोलीत बावळट बाई! चित्राचं नाव 'आज्ञाधारक ग्राहक स्त्रीचं हृदय'. जाहिरातवाले बाईला काय समजतात, ते त्यांच्याच अक्षरांतून काढून दाखवलं.

1978 च्या व्हेनिस बिएनालेत याच बेन्तिवोल्योंनी मिठाच्या जुन्या गोदामांत फक्त स्त्रियांच्या शब्दचित्रांचं प्रदर्शन मांडलं. सुमारे 80 जणी त्यात होत्या. त्या प्रदर्शनातून प्रेरणा घेऊन काँक्रीट कवितेतल्या स्त्रियांचा मोठा इंग्रजी संग्रह निघाला, तो थेट 2020 साली.