उरलेल्या २७० रुपयांचा कप

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीची चेअरमन मंडळी, एक सवाल विचारतो. गावातलं एखादं मंडळ बंद पडलं आणि खात्यावर थोडी रक्कम उरली, तर तिचं पुढं काय होतं? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, पेपरात छापायला नको. पण रग्बीच्या खेळात अशीच एक शिल्लक जवळजवळ दीडशे वर्षं टिकून आहे आणि ती आपल्याच देशातली आहे.

रग्बी म्हणजे अंड्यासारखा लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी कबड्डीसारखी पकड करून लोळवायचं. चेंडू हातानं पुढं फेकायचा नाही, मागच्या गड्यालाच द्यायचा. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी हा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे २०, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून २०. मजा आली म्हणून क्लब काढला. क्लबात सभासदांना दारू फुकट होती. ती बंद झाली आणि सभासद भराभर गळाले! एक पलटणही १८७६ मध्ये तिथून हलली. शिवाय त्या उकाड्यात अंगाला अंग भिडवण्यापेक्षा पोलो, टेनिस बरं वाटू लागलं.

क्लबाचा कप्तान, सचिव आणि खजिनदार एकच माणूस होता, रॉथनी नावाचा. तीन पदं एका खिशात म्हटल्यावर आपल्याकडं लगेच कुजबुज झाली असती. या गड्यानं मात्र १८७७ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या रग्बी संस्थेला पत्र लिहिलं, की क्लबाच्या पैशातून एक कप करून देतो. बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून वितळवले. राणीछाप रुपया एक तोळ्याचा. तोळा जुना बरं का, ११.६६ ग्रॅमचा, हल्लीच्या सराफाचा १० ग्रॅमचा नव्हे. म्हणजे तीन किलोच्या वर वजन झालं. कपाला तीन मुठी, तिन्ही नागाच्या, आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या 'कलकत्ता कप'साठी भिडतात. पहिला सामना बरोबरीत सुटला.

आता खरी गंमत. १९८८ मध्ये एडिंबरोत इंग्लंडनं ९-६ नं सामना जिंकला. रात्री जेवणं झाली, पिणंही झालं. मग इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री कप घेऊन बाहेर पडले आणि भर रस्त्यात त्याचाच चेंडू करून खेळले. कपाला पोचे आले. आणि हे दोघे कोण? रिचर्ड्स पोलीस शिपाई, जेफ्री शेतकरी! शिक्षा ठरली तेव्हा पोलिसाला एका सामन्याची बंदी, शेतकऱ्याला काही महिन्यांची. दोघांच्या संस्था वेगळ्या, हे खरं. पण आपल्या वाचकांना यात नवल वाटेल असं मला वाटत नाही.

कप दुरुस्त झाला. आता तो फार नाजूक झालाय, म्हणून मूळचा जपून ठेवतात आणि समारंभाला त्याची हुबेहूब प्रतिकृती वापरतात. आणि शेतकरी जेफ्री? तो पुढं स्कॉटलंडच्या त्याच रग्बी संस्थेचा चेअरमन झाला.