अंगठीच्या आतला अपूर्णांक

बावीस कॅरेटच्या नव्या अंगठीची आतली बाजू भिंगातून पाहिली, तर हॉलमार्कच्या खुणेशेजारी ‘२२के९१६’ असे कोरलेले दिसते. भारतात २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्यामुळे ही खूण आता घरोघरी पोचली आहे. सहावी-सातवीच्या मुलांना अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी हे तीन निरनिराळे धडे वाटतात. ते एकच आहेत, हे पटवायला एवढी खूण पुरेशी आहे.

शुद्ध सोने २४ कॅरेटचे. बावीस कॅरेट म्हणजे वजनाच्या २४ भागांपैकी २२ भाग सोने आणि उरलेले दोन भाग तांबे, चांदी वगैरे. अपूर्णांक झाला २२/२४. संक्षिप्त रूप ११/१२. आता भागाकार मांडा. अकराला बाराचा भाग जात नाही, म्हणून शून्य आणि दशांशचिन्ह. एकशेदहाला नऊचा भाग, बाकी २. विसाला एकचा, बाकी ८. ऐंशीला सहाचा, बारा सक बहात्तर, बाकी पुन्हा ८! म्हणजे पुढेही सहाच येत राहणार. उत्तर ०.९१६६६… शंभराने गुणले की सुमारे ९१.६७ टक्के, हजाराने गुणून पूर्णांकापुरते घेतले की शिक्क्यावरचे ९१६. सोने तेवढेच आहे, छेद तेवढा बदलला.

पण ही सहाची रांग संपत का नाही? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा, कारण खरी गंमत इथेच आहे. दशांशात लिहायचे म्हणजे छेद १०, १००, १००० असा करायचा. अठरा कॅरेटचे १८/२४ म्हणजे ३/४. अंश-छेदाला २५ने गुणले की ७५/१००, म्हणून शिक्का ७५०. नऊ कॅरेटचे ९/२४ म्हणजे ३/८. १२५ने गुणले की ३७५/१०००, शिक्का ३७५. बाराचे मात्र जमत नाही. बारात ३ हा अवयव आहे आणि १०, १००, १००० यांच्या अंकांची बेरीज कायम १, तेव्हा त्यांना ३ने निःशेष भाग जाणे शक्यच नाही. संक्षिप्त रूपाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल, तरच दशांश संपतो. भागाकार न करताही हे आधी सांगता येते.

चौदा कॅरेटपाशी चौकस मूल अडेल. १४/२४ म्हणजे ०.५८३३…, शिक्का मात्र ५८५. गणित चुकलेले नाही. प्रमाणित शुद्धताच ५८५ ठरवली आहे, नेमक्या चौदापेक्षा किंचित जास्त.

टक्क्यांत मुले सर्वाधिक चुकतात ती दशांशचिन्हाच्या जागेत. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो. तीन टक्के म्हणजे ३/१००, म्हणजे ०.०३, ०.३ नव्हे. पन्नास हजारांच्या दागिन्यावर कर दीड हजार. एक शून्य गाळले की तो पंधरा हजार होतो.

पालकांनी पुढच्या खरेदीला मुलांना सोबत न्यावे, सराफाकडून भिंग मागून घ्यावे आणि वीस कॅरेटच्या दागिन्यावर कोणता आकडा असेल, तो संपणारा दशांश असेल की नाही, हे आधी त्यांच्याकडून काढून घ्यावे.