घराचा करारनामा
गोदातीरीचे बासर सरस्वतीच्या मंदिरामुळे सर्वश्रुत आहे. 1956 पर्यंत हा मुधोळचा मुलूख नांदेड जिल्ह्यात मोडत असे; आज तो तेलंगणात आहे. सरहद्द बदलली, माती मात्र बदललेली नाही. कपाशीची ही काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा भूमीवर घर बांधताना करारनाम्यात ‘पाया मजबूत घालावा’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. मालकाच्या मनात मुरूम लागेपर्यंतची खोली असते, ठेकेदाराच्या हिशेबात तीन फूट. आणि दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात! पुढे भिंतीला तिरपी भेग पडली, की तो कागद कोणाच्याच बाजूने बोलत नाही. यास्तव खोली व रुंदी आकड्यांत असावी. मुरूम न लागल्यास काय करावयाचे आणि जादा खोदाईचा दर काय, हेही त्यात यावे.

मालाचेही तसेच. सिमेंट-वाळूचे प्रमाण ‘एकास सहा’ ठरले, तरी मोजावयाचे कशाने? घमेले कोणी शिगोशीग भरतो, कोणी सपाट. 50 किलोंच्या सिमेंटच्या पोत्याचे आकारमान सुमारे 35 लिटर धरतात. तेवढ्या मापाची पेटी ठरवावी. ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने, वाळू घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ओलसर वाळू फुगून अधिक जागा व्यापते आणि मालक पोकळीचेच पैसे मोजतो. वाळू कोरडी मोजावयाची की ओली, हेही लिहून ठेवलेले बरे.