लकव्याची खबर रक्ताला उशिरा लागते

छातीत दुखू लागलं की डॉक्टर रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात, हे आता घरोघरी माहीत झालंय. त्यावरून लकव्यासाठीही तशीच एखादी तपासणी असणार, ती करून मग मोठ्या दवाखान्यात जाऊ, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब महागात पडतो. मेंदूच्या झटक्याचं निदान आजही लक्षणं आणि सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांवरच होतं.

मेंदूतलं काही रक्तात उतरतच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर झटक्यात ढिला पडतो आणि मेलेल्या पेशींतली प्रथिनं पाझरतात. तारापेशींतलं जीएफएपी हे त्यातलं एक, चेतातंतूंच्या लांब धाग्यांतलं न्यूरोफिलामेंट लाइट हे दुसरं. ही मोजायची पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात.

गोम आहे ती वेळेची. गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटला तरी सगळ्या पेशी लगेच फुटत नाहीत. अशा झटक्यात जीएफएपी साधारण दोन ते चार दिवसांनी शिखर गाठतं. न्यूरोफिलामेंट तर काही आठवडे चढत राहतं आणि पुढे महिनोन्‌महिने वाढलेलंच सापडतं. गुठळी विरघळवणारं औषध सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचं असतं. म्हणजे पहिल्या तासातला ‘नॉर्मल’ आकडा झटका नाही असं सिद्ध करत नाही.

रक्तस्रावाची गोष्ट वेगळी. फुटलेल्या वाहिनीतलं रक्त आसपासच्या पेशी तत्काळ फाडतं, म्हणून जीएफएपी काही तासांतच उसळतं. ख्रिस्तियान फ्योर्ख आणि सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या, 205 रुग्णांच्या अभ्यासात हा फरक ठळक दिसला. सीटी मशीन तासन्‌तास दूर असेल तिथे याचा उपयोग होईल, ही आशा मला रास्त वाटते. पण लहानसा रक्तस्राव या चाचणीतून निसटू शकतो, आणि अशा रुग्णाला गुठळीचं औषध दिलं तर जिवावर बेतेल.

उलट, आकडा वाढला म्हणजे झटकाच, हेही खरं नाही. न्यूरोफिलामेंट वयानुसार आणि मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतं. न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज हे आणखी एक प्रथिन नावातच ‘न्यूरॉन’ मिरवतं, पण तांबड्या पेशींतही असतं. नमुना काढताना त्या फुटल्या की अहवाल बिघडला. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल1 या प्रथिनांच्या चाचणीला परवानगी दिली हे खरं, पण ती डोक्याला मार लागलेल्यांसाठी, सीटी लागेल का हे ठरवायला.

हात पुन्हा चालेल का, हे तरी आकडा सांगेल? काही दिवसांनंतरचं न्यूरोफिलामेंट नुकसानीच्या आकाराशी बऱ्यापैकी जुळतं. पण मेंदूत आकारापेक्षा जागा मोठी ठरू शकते. हालचालीचे तंतू जिथे दाटीने एकत्र येतात, तिथला सुपारीहून लहान घावही अर्धं अंग लुळं पाडतो.

गुठळीच्या औषधाआधी प्रत्येकाची करावीच लागणारी रक्ततपासणी एकच, बोटाला टोचून होणारी साखरेची. (रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी काही लागतात.) साखर फार उतरली की हुबेहूब लकव्यासारखं एक अंग लुळं पडू शकतं, आणि ग्लुकोज दिल्यावर ते बहुधा पूर्ववत होतं.