मंडळाचे वर्ष आषाढ पौर्णिमेपासून मांडू या



एप्रिल जवळ आला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील प्रत्येक बौद्ध वस्तीत तरुण मंडळ कामाला लागते. पावती पुस्तके छापली जातात, मंडपवाला ठरतो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, बॅनरवर कोणाचा फोटो यावरून दोन रात्री चर्चा होते. 14 एप्रिलचा दिवस दणक्यात पार पडतो. बुद्ध पौर्णिमेला खीरदान होते. मग हिशेब लागतो आणि मंडळ थेट 14 ऑक्टोबरला भेटते. मधले चार-पाच महिने विहाराचे कुलूप फक्त वंदनेपुरते उघडते.

याच चार-पाच महिन्यांत वस्तीतील मुलाचा अकरावीचा प्रवेश होतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, पुराचे पाणी घरात शिरते आणि धम्माच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत महत्त्वाचा काळ, म्हणजे वर्षावास, येऊन जातो. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की वार्षिक कार्यक्रम ठरवताना जयंतीपासून सुरुवात करू नये. जयंती होणारच आहे. आधी कोरे महिने भरावेत. बदलापूर पश्चिमेकडच्या सोनिवलीसारख्या वस्तीत, जिथे बहुतेक घरातील कमावता माणूस पहाटेची लोकल पकडतो, हे नियोजन कसे करता येईल ते येथे मांडत आहोत.

बाबासाहेबांनी काय केले होते?

बाबासाहेबांच्या सार्वजनिक कार्याची पहिली मोठी संस्था म्हणजे बहिष्कृत हितकारिणी सभा. तिची स्थापना 20 जुलै 1924 रोजी मुंबईत झाली. या सभेने काय काय चालवले ते पाहण्यासारखे आहे. 1925 मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुंबईत मोफत वाचनालय उघडले. तरुणांसाठी महार हॉकी क्लब चालवला. वसतिगृहातील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले.

वसतिगृह, वाचनालय, खेळ, मासिक. यातील एकही काम एका दिवसाचे नाही. प्रत्येक काम आठवड्याला, महिन्याला, वर्षभर करावे लागते. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपण मिरवणुकीत देतो; त्यातील ‘शिका’ला आपल्या दिनदर्शिकेत किती दिवस दिले आहेत, हे प्रत्येक मंडळाने मोजून पाहावे.

तारखा दोन प्रकारच्या

कागद घ्या आणि दोन रकाने करा. पहिल्यात न हलणाऱ्या तारखा: 1 जानेवारी भीमा कोरेगाव, 3 जानेवारी सावित्रीबाई, 14 जानेवारी नामविस्तार दिन, 7 फेब्रुवारी माता रमाई, 20 मार्च चवदार तळे, 11 एप्रिल जोतीराव फुले, 14 एप्रिल, 26 जून शाहू महाराज, 1 ऑगस्ट अण्णाभाऊ साठे, 14 ऑक्टोबर, 7 नोव्हेंबर विद्यार्थी दिवस, 26 नोव्हेंबर संविधान दिन, 6 डिसेंबर, 25 डिसेंबर मनुस्मृती दहन.

दुसऱ्या रकान्यात चंद्रावर चालणाऱ्या तारखा. बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणजे आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे पौर्णिमा दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी घेते. बुद्ध पौर्णिमा 2025 साली 12 मे रोजी, 2026 साली 1 मे रोजी, तर 2027 साली 20 मे रोजी. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून आषाढ पौर्णिमा थेट 29 जुलैवर जाते. मागच्या वर्षीचीच तारीख धरून हॉल आरक्षित करणारे मंडळ येथेच फसते.

2026 मध्ये 14 एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा यांत जेमतेम 17 दिवसांचे अंतर आहे. तीच मुले, तीच वर्गणी, तोच मंडप. तेव्हा त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेसाठी नवी वर्गणी मागण्यापेक्षा जयंतीच्या खर्चातूनच तिची तरतूद आधी बाजूला काढणे शहाणपणाचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाबाबतही दरवर्षी वाद होतो. 1956 साली 14 ऑक्टोबरलाच विजयादशमी होती. त्यानंतर बहुतेक वर्षी या दोन तारखा वेगळ्या पडत आल्या. 2026 मध्ये दसरा 20 ऑक्टोबरला आहे. एक दिवस मोठा कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी विहारात सामूहिक वंदना, असे जूनच्या बैठकीतच ठरवून टाकावे. ऐनवेळी दोन गट पडत नाहीत.

वर्षावास हा कणा

आषाढ पौर्णिमेला भगवान बुद्धांनी सारनाथ येथे पाच परिव्राजकांना पहिला उपदेश दिला. तेव्हापासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहतात. महाराष्ट्रातील अनेक विहारांत या काळात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आपल्याकडे ते बहुतेकदा ज्येष्ठ उपासिकांच्या भरवशावर चालते आणि तरुण बाहेर कट्ट्यावर बसतात.

2026 चा हिशेब करू. 29 जुलै ते 26 ऑक्टोबर या काळात 13 रविवार येतात. ग्रंथाचे खंड आठ आहेत. मोठ्या पाच खंडांना दोन-दोन रविवार आणि उरलेल्या तीन खंडांना एक-एक, असे बरोबर 13 होतात. प्रत्येक रविवारी वाचणारा वेगळा: एकदा दहावीची मुलगी, एकदा रिक्षाचालक दादा, एकदा महिला मंडळातील ताई. 40 मिनिटे वाचन, 20 मिनिटे प्रश्न. प्रश्न विचारायला बंदी नाही, हे पहिल्याच रविवारी सांगावे. याला मंडप लागत नाही, डीजे लागत नाही, चहाचा खर्च सोडला तर पैसाही लागत नाही. एवढे एक काम नीट झाले तरी मंडळाकडे ऑक्टोबरमध्ये 13 तयार वक्ते असतात. मग 14 ऑक्टोबरला बाहेरच्या वक्त्याची वाट पाहत बसावे लागत नाही.

पाऊस, परीक्षा आणि लोकल

दिनदर्शिका आपल्या वस्तीच्या जगण्यावर बेतलेली हवी.

पाऊस: उल्हास नदीचा पूर बदलापूरला नवा नाही. 26 जुलै 2005 सर्वांना आठवते. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जुलैच्या रकान्यात मैदानी कार्यक्रम ठेवू नये. त्याऐवजी जूनमध्येच मदतीची यादी तयार ठेवावी: सखल भागातील घरे कोणती, एकटे राहणारे वृद्ध कोण, दोर आणि टॉर्च कोणाकडे, विहारात किती जण झोपू शकतील. वस्तीला मंडळाची खरी ओळख अशा रात्री होते.

शाळा: जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज या गोष्टींसाठी पालकांना अंबरनाथच्या तहसील कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागतात आणि प्रत्येक खेट्याला एका दिवसाचा रोज बुडतो. जूनचे दोन रविवार विहारात अर्ज भरून देण्यासाठी राखावेत. मंडळातील कॉलेजची मुले, एक लॅपटॉप, कागदपत्रांची यादी दारावर चिकटवलेली, एवढे पुरे. 26 जूनला शाहू महाराजांना यापेक्षा चांगले अभिवादन कोणते? फेब्रुवारी-मार्च हा बारावी-दहावीच्या परीक्षांचा काळ. रमाई जयंती आणि चवदार तळे दिन या काळात येतात. ते बंदिस्त जागेत, दिवसा आणि लहान ध्वनिक्षेपकावर करावेत.

लोकल: मुंबईला कामाला जाणारा माणूस रात्री नऊच्या आधी घरी येत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातील मोजक्या, जास्तीत जास्त 15 दिवसांनाच रात्री 12 पर्यंत सूट देता येते. म्हणजे कामाच्या दिवशी सभा घेतली तर ऐकणारा येतो तेव्हा सभा संपवायची वेळ झालेली असते. रविवार हाच दिवस. पण रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. दादर-कुर्ल्याहून येणाऱ्या वक्त्याला तासभर आधी निघायला सांगावे.

आपल्या मातीतील तारीख

तयार दिनदर्शिकांत न सापडणारी एक तारीख आपल्याकडे आहे. महाडच्या परिषदेनंतर दीड महिन्यातच, 3 मे 1927 रोजी, बाबासाहेब बदलापूरला आले आणि येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. ‘बहिष्कृत भारत’ सुरू होऊन तेव्हा एकच महिना झाला होता. महाडमध्ये पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांवर हल्ला झाला होता आणि त्याच वसंतात बदलापूरने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. हा इतिहास सोनिवली, कुळगाव, बेलवलीतील किती मुलांना ठाऊक आहे?

2027 मध्ये या घटनेला 100 वर्षे होतात. त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याची शताब्दी, 11 एप्रिलला जोतीरावांच्या जन्माची 200 वर्षे आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनाची शताब्दी आहे. असे वर्ष पुन्हा येणार नाही. एकेका मंडळाला हे पेलणारे नाही, म्हणून शेजारच्या मंडळांनी तारखा वाटून घ्याव्यात. एकाने 20 मार्च, दुसऱ्याने 11 एप्रिल, बदलापूरच्या सर्वांनी मिळून 3 मे. एकाच संध्याकाळी तीन चौकांत तीन मंच आणि तिन्हींसमोर रिकाम्या खुर्च्या, हे टळेल.

पैसा आणि परवानगी

समजा वस्तीतील 100 घरांनी दरमहा 50 रुपये दिले. वर्षाला 60,000 रुपये होतात. ही रक्कम एप्रिलमध्ये एकदम मागितली तर घराला 600 रुपये जड वाटतात. दरमहा 50 जाणवत नाहीत. आमची सूचना अशी की यातील एक तृतीयांश जयंती व बुद्ध पौर्णिमेला, एक तृतीयांश अभ्यासिका, पुस्तके व विद्यार्थ्यांना, आणि उरलेले वर्षावास, इतर अभिवादन व आपत्तीसाठी. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर खजिनदाराने जमाखर्च वाचून दाखवावा आणि फलकावर लावावा. बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतात आणि पुढच्या महिन्याची वर्गणी न मागता येते.

मंडळाची नोंदणी धर्मादाय कार्यालयाकडे करून घ्यावी. नोंदणी नसलेल्या मंडळाला तात्पुरत्या कारणासाठी वर्गणी गोळा करायची तर त्याच कार्यालयाची परवानगी लागते. मंडपासाठी नगरपरिषद आणि मिरवणूक व ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणे, हे अर्ज महिनाभर आधी द्यावेत. अर्जाची तारीखही दिनदर्शिकेतच लिहावी; कार्यक्रमाची तारीख सर्वांच्या लक्षात राहते, अर्जाची कोणाच्याच राहत नाही.

कोण काय करणार?

तारखेपुढे नाव नसेल तर ती तारीख फक्त भिंतीवर राहते. प्रत्येक कार्यक्रमाला एक प्रमुख आणि एक सहायक ठेवावा. दोघांपैकी एक जण पंचवीशीच्या आतला असावा आणि वर्षातील निम्म्या कार्यक्रमांच्या प्रमुख महिला असाव्यात. आपल्या भगिनींना फक्त पूजेची तयारी आणि खीर यांपुरते ठेवायचे आणि मंचावर सावित्रीबाई-रमाईंवर भाषणे करायची, हे आता पुरे झाले.

ही दिनदर्शिका एका कागदावर मावते. ज्येष्ठ पौर्णिमेच्या वंदनेनंतर सर्वांनी बसून ती भरावी आणि आषाढ पौर्णिमेला विहाराच्या दारावर लावावी. ज्या महिन्यासमोर काहीच लिहिलेले नसेल, त्याच महिन्यापासून आपले काम सुरू होते.

जय भीम!