स्वस्त चुंबक, महाग माती

विजेवर चालणारी स्कूटर धूर सोडत नाही, म्हणून ती स्वच्छ, असे आपण मानतो. पण तिच्या मोटारीत बहुधा निओडिमियमचे चुंबक असतात, आणि मोटार तापली तरी त्यांची ताकद टिकावी म्हणून चिमूटभर डिस्प्रोसियमही घालतात. हा डिस्प्रोसियम येतो कुठून, याचा माग काढत गेलो की आपण दक्षिण चीनमधील जियांगशी प्रांतातल्या लाल मातीच्या टेकड्यांवर पोहोचतो. स्वच्छतेचा आपला हिशेब चुकतो तो तिथे.

या धातूंच्या सतरा जणांच्या कुटुंबाला ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात. खरे तर ते फारसे दुर्मिळ नाहीत; त्यांतला सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतका आहे. पण तो सर्वत्र विखुरलेला, आणि भावंडे एकमेकांना इतकी चिकटलेली की ती वेगळी करताना रसायनशास्त्रज्ञांच्या नाकी नऊ येतात.

जियांगशीत टेकडीला भोके पाडून त्यांत अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडत आले आहेत. मातीच्या कणांना धरून बसलेला धातू सुटतो आणि द्रावणाबरोबर पायथ्याशी पाझरतो. जे हाती लागत नाही ते ओढ्याला आणि भूजलाला मिळते. २०१२ साली चीनच्या उद्योग खात्याच्या उपमंत्र्यांनीच हिशेब मांडला: एकट्या गांझोउ परिसराच्या साफसफाईला ३,८०० कोटी युआन लागतील. आदल्या वर्षी साऱ्या जियांगशीतील या उद्योगाचा नफा होता सुमारे ६४० कोटी! पुढे चीनने निर्बंध कडक केले, तशी तीच भोके सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन राज्यात पडू लागली.

मग दुसरा मार्ग नाहीच का? आहे. ग्वांगझोउच्या भूरसायन संस्थेतील संशोधकांनी मातीत इलेक्ट्रोड रोवून वीज सोडली. विजेच्या ओढीने धातूचे आयन एका दिशेला सरकतात आणि रसायन फार कमी लागते. ५,००० टन मातीवरील चाचणीत ९५ टक्क्यांहून अधिक धातू मिळाला आणि अमोनियाचे उत्सर्जन सुमारे ९५ टक्क्यांनी घटले, असे त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले.

राहिला प्रश्न भावंडे वेगळी करण्याचा. त्यासाठी कारखान्यात आम्ल आणि सेंद्रिय द्रावक यांच्यातून तेच द्रावण शेकडो टप्प्यांत फिरवतात. पेनसिल्व्हेनियातील संशोधकांना मात्र ओक वृक्षाच्या कळ्यांवर आढळणाऱ्या जिवाणूत असे प्रथिन गवसले, की ते निओडिमियम आणि डिस्प्रोसियम पाण्यातच एका टप्प्यात वेगळे करते. २०२३ चे हे यश प्रयोगशाळेतले आहे. कारखान्याच्या मापात ते उतरायचे आहे.

हे सारे आपल्या दाराशीही आले आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाचे धाबे दणाणले. केरळातील अलुवा येथे १९५२ पासून किनाऱ्यावरील वाळूतल्या मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. त्यात किरणोत्सारी थोरियमही असते. आता चुंबक इथेच बनवायचे, तेही तातडीने, असे सारे म्हणू लागले आहेत. म्हणावेच. पण घाई असली की माणूस स्वस्त पद्धतीकडे वळतो, आणि स्वस्त पद्धतीचे बिल दुसऱ्याच्या विहिरीवर फाडले जाते. स्वच्छ पद्धतीने चुंबक थोडा महाग पडेलही. ती वाढीव रक्कम स्कूटर घेणाऱ्याने द्यायची, की टेकडीखालच्या गावाने, एवढे आधी ठरवले पाहिजे.