कविता लहानग्यांचे दुःख कसे सांगते?

आईवाचून माणूस भिकारी, अशा अर्थाची कवी यशवंत (1899-1985) यांची ओळ मराठीत म्हणीसारखी रुळली आहे. ती इतक्यांदा उद्धृत होते, की ज्या ‘आई’ या कवितेत ती येते, ती कविता सुरू कशी होते याचा विसर पडावा. कवितेतल्या पोरक्या मुलाच्या कानावर दुसऱ्या कोणीतरी आपल्या आईला मारलेली हाक पडते आणि त्याचे दुःख जागे होते. मग त्याला पिलांना भरवणारी चिमणी दिसते, वासरांना चाटणाऱ्या गाई दिसतात. आपण काय गमावले, याचा हिशेब मोठी माणसे स्वतःशी मांडतात. लहान मूल शेजारच्या दाराकडे पाहते. त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, एवढेच त्याला कळते. म्हणीची ओळ प्रौढाची आहे. चिमणी आणि गाई मुलाच्या आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते कवितेचे खरे बळ या दुसऱ्या भागात आहे.

मुलाजवळ आपल्या दुःखाला नाव नसते. भीतीचे कारण त्याला सांगता येत नाही. अशा वेळी कवीपुढे दोन वाटा उरतात. एक, मुलाचे दुःख मोठ्याच्या तोंडून सांगणे. दुसरी, मुलाला जे दिसले तेवढेच मांडणे आणि अर्थ वाचकावर सोडणे.

पहिल्या वाटेचे मराठीतील बहुधा सर्वांत हृदयद्रावक उदाहरण म्हणजे ‘बी’ अर्थात नारायण मुरलीधर गुप्ते (1872-1947) यांची ‘माझी कन्या’. श्रीमंत घरच्या मुलींनी गरिबीवरून हिणवलेली लेक रडत घरी येते. बोलतो तो बाप. दिंडी वृत्ताच्या संथ चालीत तो तिचे लाड करतो, रूपाचे कौतुक करतो, समजूत घालतो. हळूहळू लक्षात येते, की समजूत तो स्वतःचीच घालतो आहे आणि ती पटत नाही. अखेर तो म्हणतो, की आमच्यासारख्या करंट्यांच्या घरी देव अशी गुणी बाळे का धाडतो, हे त्याच्या दूरच्या गावाला जाऊन विचारून येतो. ‘गाव’ हा शब्द कानी पडताच मुलगी रडणे विसरते, बापाच्या गळ्यात हात टाकते आणि आपणही येणार म्हणून सांगते.

ते गाव कोणते, हे बापाला ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे. फक्त तिला नाही. मेलेले माणूस परत येत नाही, ही गोष्ट मुलांना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागते, असे बालमानसशास्त्र सांगते. त्याआधी मृत्यू हा प्रवासच असतो. आपल्या घरांतही मुलांना ‘देवाघरी गेली’ असेच सांगण्याची रीत आहे. ‘बीं’नी या अजाणपणावर फारसे भाष्य केलेले नाही. मुलगी आनंदते आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो.

गोविंदाग्रजांच्या, म्हणजे राम गणेश गडकरी (1885-1919) यांच्या, ‘राजहंस माझा निजला’मध्ये हीच गाठ उलटी बसते. तेथे मृत्यू न ओळखणारी व्यक्ती मूल नसून आई आहे. मांडीवरचे बाळ झोपले आहे, असे ती भोवतालच्यांना सांगत राहते. शोकाने प्रौढालाही काही काळ मुलाइतकेच अजाण केलेले असते.

दुसरी वाट ग्रेस (1937-2012) यांची. ‘ती गेली तेव्हा’ ही त्यांची कविता हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतामुळे घरोघरी पोहोचली. 1989 च्या ‘निवडुंग’ चित्रपटात ती आहे. प्रेयसीच्या विरहाचे गाणे म्हणून ती ऐकणारे रसिक आजही भेटतात. वास्तविक जाणारी व्यक्ती आई आहे, हे कवितेत स्वच्छ शब्दांत येते. गैरसमज होतो याचेही कारण आहे. ती का गेली, कोठे गेली, परतली का, यातले काहीच कवी सांगत नाही. सांगतो ते पावसाचा आवाज, वाऱ्याने उडणारा पाचोळा, अंगण आणि खिडकीवरचा धुरकट कंदील.

लहानपणीचा मोठा आघात आठवताना बहुतेकांचे असेच होते. कोण काय बोलले ते पुसट होते. भिंतीवरचे कॅलेंडर किंवा दाराशी जमलेल्या चपला मात्र स्पष्ट दिसतात. मुलाला घटनेचा अर्थ लागत नाही, म्हणून ते वस्तू धरून ठेवते. ग्रेस यांना दुर्बोध म्हणण्याची प्रथा जुनी आहे. या कवितेपुरते तरी तसे म्हणवत नाही.

भीतीचे काय? ती मोकळी करण्याचे काम विंदा करंदीकरांनी (1918-2010) बालकवितेत केले. त्यांची पिशीमावशी मसणवटीजवळच्या राईत, पडक्या जागी राहते. मोठ्यांनी ज्या जागेचे नाव काढून मुलांना दटावावे, नेमकी तीच जागा. पण तेथील भुतावळ ठेक्यात बांधलेली आहे. यमक कोठे येणार हे मुलाला आधीच कळते. पुढे काय होणार हे ठाऊक असले, की भूत निम्मे होते. उरलेले निम्मे मुलाला हवे असते. म्हणून तर कविता संपताच ते पांघरुणातून डोके बाहेर काढते आणि ‘पुन्हा म्हण’ म्हणते.